कंदनाथांच्या पातेल्यातलं लाल पाणी

पातेल्यात एका पोरीच्या नावानं उकळत ठेवलेल्या बीटाचं पाणी लालभडक झालं, तसे गंगापूरच्या मंडपात दोनशे माणसांचे हात जोडले गेले.

"बघा! पोरीच्या रक्तातला दोष पाण्यात उतरला!" कंदनाथ महाराज गरजले. "हे पाणी मोरीत ओता. फिकं पडलेलं बीट पोरीला चारा. अन् दवाखान्याच्या गोळ्या बंदच ठेवा! गोळ्यांची गरमी कंदाला सोसत नाय."

ती पोर म्हणजे मोनिका. सातवा महिना, हिमोग्लोबिन सात. महाराजांच्या सांगण्यावरून सासू पारूबाईंनी तीन आठवड्यांपासून तिच्या लोहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आता दोन पायऱ्या चढल्या तरी तिला धाप लागायची.

शेजारी तिची मावशी रत्नमाला बसली होती. शहरात क्रांती चौकाजवळच्या मुलींच्या वसतिगृहात ती अठरा वर्षं स्वयंपाक करते. तिची नजर महाराजांच्या सुरीवर होती. नव्या रोग्याचं बीट महाराज सोलून, फोडी करून उकळत होते. 'बऱ्या झालेल्या' भक्ताचं मात्र सालीसकट, अख्खं. "शुद्ध रक्ताच्या कंदाला लोखंड लावायचं नसतं!" असं ते बजावत. त्याचं पाणी नितळ राहिलं, की जयजयकार.

रत्नमाला उठली. "महाराज, एक खेप माझ्या हातानं करू द्या."

"बाई, दैवताची परीक्षा घेऊ नका!"

"दैवताची नाय, बीटाची घेते."

"करू द्या की!" बायकांतून आवाज आला. महाराजांना नाही म्हणता येईना.

मोनिकाच्या नावानं तिनं एका पातेल्यात अख्खं बीट सोडलं. दुसरं सोललं, चिरून दुसऱ्या पातेल्यात टाकलं आणि ती म्हणाली, "हे तुमच्या नावानं."

पाच मिनिटांत महाराजांचं पातेलं लाल. मोनिकाचं नितळ.

"महाराजांच्याच रक्तात लई दोष हाय की!" कुणीतरी ओरडलं.

"भानामती केली हिनं!" महाराज गरजले.

"व्हय? मग आमच्या मेसमध्ये रोजच भानामती होते." रत्नमाला लोकांकडे वळली. "साल काढून चिरलं की रंग पाण्यात जातो, इतकंच. आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम सांगतात, तो रंग म्हंजे दोष नाय, तेच त्यातलं अँटिऑक्सिडंट. पेशींची झीज रोखायला मदत करणारं. अन् हे तेच मोरीत ओतायला लावतात! बीट सालीसकट वाफवा, नायतर भाजा, मग सोला. चिरून उकळलंच, तर पाणी वरणात घाला."

"मग तसल्या बीटानं रक्त वाढंल?" पारूबाईंनी हळूच विचारलं.

"नाय, इहीणबाई. बीट चांगलं, पण हिला गोळ्याच लागतात."

मोनिका खांबाला धरून उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, मला दवाखान्यात जायचंय. आत्ता. तुम्ही नाय आलात तरी मी मावशीसोबत जाणार."

महाराज शाप देत राहिले. पारूबाई सुनेचा हात धरून चालू लागल्या. त्या दुपारी डॉक्टरांनी मोनिकाला दाखल करून घेतलं. दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली, दोघीही सुखरूप.

कुणी तुमचं औषध बंद करायला सांगितलं, तर भर सभेत त्याच्याकडे पुरावा मागा. पुरावा देता आला नाही, तर तिथून उठा आणि आपल्या माणसालाही उठवा.