नऊ दिवस बिनफोडणीचे

हर्षालीची मान पुन्हा खाली गेली. कुणी मागून हलकीच टपली मारावी, तशी. मग डावा खांदा उडाला, हातातलं बिस्कीट चादरीवर पडलं आणि पोरगी आईकडे बघून ओशाळं हसली. संध्यानं बिस्कीट उचलून परत तिच्या हातात दिलं. बेलापूरच्या त्या हॉस्पिटलात आज बारावा दिवस होता.

सुरुवात शाळेत झाली. दुसरीपर्यंत मोत्यासारखं अक्षर काढणारी पोर तिसरीत एकाएकी ओळ सोडून लिहायला लागली. बाईंनी वहीत लाल शेरा मारला, 'लक्ष नाही.' त्या शेऱ्यापायी संध्यानं तिला एक धपाटा घातला होता. तो आता तिला स्वतःच्याच पाठीत जाणवायचा. मग डबा हातातून पडायला लागला आणि एक दिवस जिन्यात पोरच पडली. गावातल्या, जासईच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या, त्यानं नुसती झोप वाढली. शेवटी तिच्या बापानं, मिथुननं, कंटेनर यार्डात रजा टाकली आणि तिला इथं दाखल केलं.

इथं सगळं झालं. एमआरआय झाला, रक्त झालं, डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढून झाला. मेंदूची सूज असेल तर उतरेल म्हणून पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. पोरीचा चेहरा तेवढा फुगून गोल झाला, मानेचे झटके काही थांबले नाहीत.

संध्याला एकच हवं होतं, आजाराचं नाव. नाव कळलं की औषध कळेल, औषध कळलं की पोर घरी येईल. एवढं सरळ गणित तिनं मनाशी मांडलं होतं आणि ते ती कुणाला मोडू देत नव्हती.

नाव शोधायला डॉक्टर येत ते मात्र तेच तेच विचारत. लहानपणी मोठं आजारपण? गोवर, कांजण्या? संध्या तोंड उघडायच्या आत तिची सासू पुतळाबाई उत्तर देऊन मोकळी होई. "आमचे घरान असला काय येत नाय. पोर कशी लोखंडासारकी व्हती!" संध्याही मान हलवी. कार्डावर नवव्या महिन्याच्या लशीचा शिक्का होता, त्यामुळे डॉक्टरही पुढं खोदत नसत.

एक ऋता डॉक्टर तेवढी खोदत राहिली. वॉर्डातली सगळ्यांत धाकटी, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी. आलेखाचा कागद ती रोज उलगडून बघे. त्यावर ठरावीक अंतरानं उंच लाट उठत होती आणि ती बघितली की तिचा चेहरा उतरे.

त्या दुपारी पुतळाबाई चहाला खाली गेल्या तशी ऋता स्टूल ओढून बसली. "संध्याताई, एक वेगळंच विचारते. हसू नका. हर्षाली तान्ही असताना तुमच्या घरात कधी फोडणी बंद होती का?"

संध्या हसली नाही. तिनं हातातला बिस्किटाचा पुडा खाली ठेवला.

"माझी आजी देवरुखची," ऋता म्हणाली. "तिच्याकडे घरात देवी आली की कढईला तेल लागायचं नाही. नाव पण घ्यायचं नाही. म्हणून नाव विचारतच नाही मी."

"नऊ दिवस," संध्या म्हणाली. "नऊ दिवस फोडणी नव्हती. दाराला कडुलिंब लावलेला. बाहेरचं कुणी घरात नाय. अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, ताप. सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसलेल्या, पाठ टेकली नाही त्यांनी नऊ दिवस."

"किती महिन्यांची होती?"

"सात."

ऋतानं चष्मा काढून, पदराला पुसावा तसा, कोटाच्या टोकाला पुसला. "लशीच्या आधी," ती स्वतःशीच म्हणाली.

"मॅडम, मी खोटं नाय बोलले. आमच्यात तो आजार नसतो. देवी येते, राहते, जाते. तिला आजार म्हटलं की ती कोपते म्हणतात. म्हणून..."

"कळतंय मला," ऋता म्हणाली आणि उठली. त्याच संध्याकाळी हर्षालीच्या पाठीतून पाणी काढून तपासणीला पाठवलं. सुई टोचताना पोरगी रडलीही नाही. संध्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यानंतर पाचव्या दिवशी ऋतानं तिला बाजूच्या खोलीत बसवलं. मिथुनची रजा संपली होती, तो ट्रेलर घेऊन बाहेर होता, पोचायला तास लागणार होता. संध्या म्हणाली, "मला सांगा."

"गोवरच. पुरळ गेलं, पण त्याचा विषाणू मेंदूत लपून राहिला. क्वचित एखाद्या लेकरात राहतो. काही वर्षांनी जागा होतो."

"नाव मिळालं म्हणजे," संध्या घाईनं म्हणाली. "मग औषध?"

"वेग कमी होईल कदाचित, अशी औषधं आहेत. बरं करणारं नाही."

"किती दिवस?"

"वर्ष. दोन. मी खोटी आशा दाखवणार नाही, ताई."

"मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर?"

"तरी हेच झालं असतं."

कुणीतरी आपल्याला रागवावं, असं संध्याला फार वाटत होतं. ऋता रागावली नाही. तिनं संध्याचा हात हातात घेतला आणि दोघी मिथुनचा फोन येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

संध्या वॉर्डात परतली तेव्हा पुतळाबाई नातीला मऊ भात भरवत होत्या. भात ओठांच्या कडेनं खाली येत होता आणि म्हातारी तो पदरानं टिपत होती, घास मोडून पुन्हा तोंडाशी नेत होती.

"आगो, नाव समजला?"

"समजला."

"काय?"

संध्यानं सासूकडे बघितलं. नऊ दिवस हिनंच पोरीच्या अंगावरून कडुलिंबाची डहाळी फिरवली होती. डॉक्टरकडे न्यायचं नाही, असं हिनंच ठरवलं होतं आणि संध्यानं ते ऐकलं होतं. पोर उठून रांगायला लागली तेव्हा नारळ घेऊन अनवाणी देवळात हीच गेली होती.

"इंग्लिश नाव हाय, आई. मना बोलता नाय येत."

पुतळाबाईंचा घासाचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हंजे आपली देवी नाय. मना सारका तेच वाटत व्हता गो. म्हटला, माजेच हातून काय चुकला का काय."

"नाय, आई," संध्या म्हणाली. "तुमच्या हातून काय नाय चुकला."