विभूतीचा अंतिम वापर

त्या देशाचं नाव इथं घ्यायचं नाही. घेतलं तर ह्या गोष्टीलाही दिल्लीचा परवाना लागायचा. जगातल्या मोठ्या मंडळींनी त्याला वाळीत टाकलं होतं आणि आपल्या सरकारनंही तिकडं काय काय धाडायचं नाही याची भली मोठी यादी काढली होती, एवढं कळलं तरी पुरे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या ईरप्पा कलशेट्टींना त्या यादीशी काही देणंघेणं नव्हतं. देणंघेणं होतं त्यांच्या लेकीला, शिवानीला. तिनं त्या देशातल्या इस्पितळांची ऑर्डर मिळवली. अर्जात 'अंतिम वापर', म्हणजे माल शेवटी कशाला लागणार, ह्या रकान्यात 'रोग्यांसाठी' असं लिहून खास परवानगी काढली, आणि त्यापायी दिल्लीला इतके ईमेल धाडले की तिथला कारकून तिला ताई म्हणायला लागला. घरात तिनं सांगूनच टाकलं होतं, "अप्पा, हा कंटेनर गेला तर मी सोलापुरात राहते, धंदा बघते. अडकला तर पुण्याची नोकरी धरते. मग तुम्ही आणि तुमचे माग!"

ईरप्पांना ती जायला नको होती. एकुलती एक पोर. तोंडानं मात्र म्हणाले, "जा की! कोन अडवलंय?" असा हा माणूस. लेक राहावी म्हणून सकाळ-संध्याकाळ सिद्धरामेश्वराला साकडं घालायचं आणि लेकीसमोर मिशीला पीळ भरायचा.

बरं, साकडं घालून गप्प बसावं की नाही? कारखान्यातून गठ्ठा निघाला की त्यात विभूतीची पुडी ठेवायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. शिवानीनं बजावून सांगितलं होतं, कागदावर नाही ते काहीही गठ्ठ्यात जाता कामा नये. अप्पांनी मान डोलावली, आणि ती जेवायला गेल्यावर एकेका गठ्ठ्यात पुडी सारली. एरवी चिमूटभर घालायचे. ह्या खेपेला देश लांबचा म्हणून मूठभर घातली.

बंदरावर यंत्रातून माल जाताना प्रत्येक गठ्ठ्यात टॉवेलच्या घडीत लपवलेली पुडी दिसली; फोडली तर आत पांढुरकी भुकटी. झालं! कंटेनर बाजूला, कुलूप, सील, पहारा. वाळीत टाकलेला देश आणि न सांगता घातलेली पावडर म्हटल्यावर कस्टमच्या साहेब लोकांची झोप उडाली. शेजारच्या हिंदुरावांचा माल दर महिन्याला त्याच देशात दुबईमार्गे, नाव बदलून जात होता. त्यांना कुणी "कुठं चाललात?" एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. पण शिवानीनं सगळं सरळ लिहून दिलेलं. सरळ माणूस सापडला की आपल्याकडं तपासणीला हुरूप येतो.

व्हिडिओ कॉलवर सुनावणी लागली. पडद्यावर साहेब, इकडं शिवानी, आणि तिच्या मागं नवं धोतर नेसून ईरप्पा. साहेबांनी विचारलं, "ही भुकटी कसली?"

शिवानीनं मान वळवून बापाकडं पाहिलं. ती नजर ईरप्पांना सोसवेना, म्हणून ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी सरसावले. "विभूती हाय, साहेब."

"ती तयार कशी होते?"

"श्यान वाळवायचं, जाळायचं. लई सोपं."

"मोठ्या प्रमाणावर बनवता येते?"

आता सोलापूरच्या माणसाला असं विचारावं का? "किती पायजे सांगा की! मंद्रूपला माझ्या मेव्हण्याचा गोठा हाय. म्हनाल तेवढी पोती भरून देतो."

साहेब लिहीत होते. शिवानी टेबलाखालून बापाचा पाय दाबत होती. ईरप्पांना वाटलं, पोरगी शाबासकी देतेय.

"तिचा परिणाम काय होतो?"

"लई पावर हाय तिच्यात! एक चिमूट लावली की शत्रू जवळ फिरकत न्हाय!"

साहेबांचं पेन थांबलं. "शत्रू," ते हळूच म्हणाले आणि तो शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला.

भुकटी प्रयोगशाळेत गेली. शिवानीनं एका शब्दानंही भांडण काढलं नाही. कपाटावरून बॅग काढली आणि कपडे भरायला लागली. भांडली असती तर बरं होतं. शांतम्मा, ईरप्पांची बायको, तेवढी बोलली. "पोरगीच्या मालात हात घालायची काय गरज होती हो? तुमची भक्ती लई जड पडती बघा घराला." ईरप्पा त्या दिवशी भाकरीचं ताट तसंच सारून उठले. ह्या हातानं पुड्या सारल्या आणि ह्याच हातानं लेकीला घराबाहेर काढलं, असं त्यांना झालं.

अहवाल आला: राख. साधी, निरुपद्रवी राख. पण फाईल उघडली की ती कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय मिटत नाही. साहेब म्हणाले, न सांगता वस्तू घातली कुणी ते लिहून द्या. कंपनीनं घातली असेल तर कंपनीची परवानगी रद्द. एखाद्यानं परस्पर घातली असेल तर कंटेनर सुटेल, पण त्या माणसाला ह्या कंपनीच्या निर्यातीत पुन्हा हात घालता येणार नाही. ना सही, ना गोदामात पाऊल.

कारखान्याच्या पाटीवर ईरप्पांचं नाव, गेटवर त्यांचा फोटो. शिवानी म्हणाली, "अप्पा, राहू द्या. मी जाते पुण्याला."

"गप बस गं," ईरप्पा म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही. "मी घातली, मीच लिहितो. तू मातर जाऊ नको पोरी. माझ्यानं राहवायचं न्हाय." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न भांडता सही केली.

कंटेनर सुटला. बॅग परत कपाटावर गेली. पाटीवर शिवानीचं नाव आलं आणि गोदामाच्या दारावर वॉचमननं ईरप्पांना अडवलं, "मालक, मॅडमची ऑर्डर हाय." ईरप्पा तिथंच खुर्ची टाकून बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "त्या देशावर बंदी, तशी माझ्यावर बी!" सांगताना छाती फुगायची.

अशात एक दिवस त्यांचा फोन वाजला. बंदरावरचे साहेब होते. आवाज पार खाली आलेला.

"अप्पासाहेब, ती... भुकटी. तपासाला ठेवलेल्या पुड्यांतली थोडी मी कपाळाला लावून पाहिली. माझी बदली अडकलीय हो, वरचा एकजण हात धुऊन मागे लागलाय. आता पुड्या संपल्या. आणखी थोडी पाठवाल का?"

ईरप्पांनी खुर्चीत मांडी घातली, मिशीला पीळ भरला.

"साहेब, माझ्यावर बंदी हाय. तुमीच घातलीय की. शिवानी मॅडमकडं अर्ज करा. आनि अंतिम वापर काय, ते नीट लिवा. शत्रूचं नाव बी टाका, न्हायतर अर्ज परत येईल!"