मागच्या गल्लीतली व्हॅन

बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी कॅनडातल्या व्हिटबीला आले आणि आमच्या घरातून एक माणूस रोज सकाळी टाय बांधून प्लंबिंगला जाऊ लागला.

तो माणूस म्हणजे माझा नवरा कपिल, आणि ही शक्कल माझी.

कपिल मेकॅनिकल इंजिनियर. २००३ साली आम्ही कॅनडात आलो तेव्हा इथल्या कामाचा अनुभव नाही म्हणून दीड वर्ष त्याला कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी तो एका पोर्तुगीज प्लंबरच्या हाताखाली लागला. पाच वर्षं शिकला, परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं आणि गेल्या वर्षी स्वतःची पांढरी व्हॅन घेतली. दोन्ही बाजूंना निळ्या अक्षरांत त्याचं नाव आणि फोन नंबर. बाबांना मी फोनवर सांगितलं, "कपिलची स्वतःची कंपनी आहे. ड्रेनेज कन्सल्टंट." कंपनीत माणूस एकच, आणि सल्ला देणारा अन् नाल्यात हात घालणारा तोच, एवढंच सांगायचं राहून गेलं.

राहून गेलं कसलं, मी राहू दिलं. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, नगरपालिकेत गटारं उपसायचे. कमरेला दोर बांधून उघड्या अंगाने खाली उतरायचे. बाबा कंदिलाच्या उजेडात शिकले, पोस्टात लागले, हेडक्लार्क होऊन रिटायर झाले, मला एम.एस्सी. केलं. "आपल्या घरातलं कोणी आता गटाराजवळ जाणार नाही," हे ऐकतच मी वाढले. त्या माणसाला जावई काय करतो हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून व्हॅन मागच्या गल्लीत, आमच्या मंडळातल्या मिलिंदच्या ड्राइव्हवेवर. कपिल घरातून इस्त्रीच्या कपड्यांत निघायचा आणि व्हॅनमध्ये बसून कामाचे कपडे चढवायचा. "उणे बारामध्ये पँट बदलून बघ एकदा, मग कळेल तुझ्या अब्रूची किंमत," असं तो मला रोज रात्री ऐकवायचा. सकाळी सहाला फोन सुरू. कुणाचा पाइप गोठून फुटलेला, कुणाच्या पोराने टॉयलेटमध्ये खेळण्यातली मोटार सोडलेली. ताटावरून उठून तो कळवळून सांगायचा, "डोन्ट फ्लश, सर. प्लीज, डोन्ट फ्लश!" आणि बाबा कौतुकाने म्हणायचे, "मोठमोठे लोक सल्ला विचारून राहिले ना!" कपिल माझ्याकडे बघायचा. मी आमटी वाढायची.

एप्रिलमध्ये आमच्या मंडळाचा चौदा तारखेच्या जयंतीचा कार्यक्रम होता. घराजवळचाच हॉल घेतलेला, दोनशे माणसं यायची, प्रमुख पाहुणे बाबा आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. स्वयंपाकघराचा ताबा पद्माताईंकडे. पद्माताई वजनदार बाई. त्यांना सल्ला देण्याची कुणाची छाती नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी हॉलच्याच किचनमध्ये दोनशे बालूशाह्या तळल्या, आणि कढईत उरलेलं सगळं वनस्पती तूप सिंकमध्ये ओतून दिलं. वर गरम पाण्याची बादली. "आमच्या मोरीतून असंच जाते," म्हणाल्या.

नागपूरच्या उन्हात जात असेल. इथे एप्रिलमधली जमीन अजून हुडहुडत असते. ते तूप रात्रभर पाइपात थिजत बसलं, आणि सकाळी दहाला भातासाठी तांदूळ धुतले तेव्हा ते पांढरं पाणी वॉशरूमच्या फरशीतून वर आलं. साधं नाही, इतर सगळं सोबत घेऊन आलं.

हॉलचा केअरटेकर, एक उंच म्हातारा, धावत आला. घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, "ट्वेंटी मिनिट्स. देन आय क्लोज द बिल्डिंग."

हॉलमध्ये त्या वेळी किमान तीस इंजिनियर होते. सगळे कॉरिडॉरमध्ये गोळा होऊन पाण्याकडे बघत राहिले. मिलिंद बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो; त्याने कोटाचा हँगर सरळ करून फरशीच्या जाळीत खुपसला आणि तो तिथेच अडकला. मग सगळ्यांनी कपिलकडे बघितलं, आणि लगेच माझ्याकडे. कारण तो काय करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाबांसमोर तोंड उघडायचं नाही अशी तंबी मी एकेकाला फोन करून दिली होती.

कपिलनेही माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

आज ते आठवलं की मला माझाच राग येतो. तो बिचारा खिशात हात घालून पाच मिनिटं उभा राहिला. हे काम झोपेतही करेल असा माणूस, आणि बायकोच्या मानेकडे बघत उभा! मग त्याने टाय सोडला आणि माझ्या हातात दिला.

"धम्मा, पाणी लोकांच्या चपलांपर्यंत आलंय. तू नंतर रागव," म्हणाला आणि व्हॅन आणायला पळाला.

दहा मिनिटांत तो मशीन घेऊन आला. लांब स्प्रिंगसारखी केबल, मोटर लावली की पाइपात गरगर फिरत पुढे जाते. सूटच्या पँटवर रबरी बूट, हातात कोपरापर्यंत मोजे, तोंडावर मास्क. गुडघ्यावर बसून त्याने फरशीतलं झाकण उघडलं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बाबा आले, हातात भाषणाचे कागद घेऊन.

"कपिलराव, हे काय करून राहिले?"

कपिलने मोटर बंद केली. "ड्रेन उघडतोय, बाबा. हेच माझं काम आहे. रोजचं."

मी हातातला टाय पाठीमागे लपवला.

बाबा वाकून त्या भोकात बघत राहिले. मग विचारलं, "आत उतरावं लागते?"

"नाही बाबा. मशीन जातं."

"आणि विषारी वायू?"

"मास्क आहे. आणि सेफ नसेल तर मी नाही म्हणू शकतो. कुणी जबरदस्ती करत नाही."

"हातमोजे दाखवा."

कपिलने दोन्ही हात वर केले. बाबांनी ते मोजे निरखून पाहिले, एका बोटाचं रबर चिमटीत धरून ओढूनही पाहिलं. "चांगले जाड आहेत," म्हणाले. "करा, सुरू करा."

केबल पुन्हा फिरली. पाइपात काहीतरी खरवडल्यासारखं झालं, मोठा घोट गिळल्यासारखा आवाज आला आणि सगळं पाणी खाली गेलं. तीस इंजिनियर लहान मुलांसारखे ओरडले. पद्माताईंनी कपिलच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. केअरटेकरने घड्याळ बघितलं आणि खांदे उडवत फरशी पुसायचं मॉप आणायला गेला.

कपिलने मोजे काढले. बाबांनी हात पुढे केला.

"थांबा बाबा, हात धुऊन येतो."

"नंतर धुवा." बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "माझा बाप कामावरून घरी येत असे, अन् मी शाळेच्या पोरांसोबत असलो की रस्ता ओलांडून पलीकडे जात होतो. त्याला दिसत होतं ते. त्यानं कधी मला हाक नाही मारली." मग माझ्याकडे वळले. "तू काहून लपवलं, बेटा?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून," मी म्हणाले. पण ते खोटं होतं आणि माझ्या हातात नवऱ्याचा टाय होता. "नाही बाबा. मलाच वाटत होती."

बाबा रागावले नाहीत. नुसते "हं" म्हणाले, आणि त्या "हं"ने मला रडू आलं.

कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. सगळे कसे खुशीत होते. संकट टळलं की आमच्या लोकांना भूकही जास्त लागते आणि टाळ्याही जास्त येतात. वंदना झाली, मी माइकसमोर उभी राहिले. पाहुण्यांच्या परिचयाचा कागद हातात होता, त्यात शेवटी जावयाच्या नावापुढे 'ड्रेनेज कन्सल्टंट' असं मीच टाइप केलेलं. मी तो कागद घडी करून ठेवून दिला.

"आजचे प्रमुख पाहुणे शंकरराव, माझे वडील," मी म्हणाले. "आणि आज हा हॉल ज्यांच्यामुळे उघडा राहिला ते माझे पती कपिल. लायसन्सवाले प्लंबर आहेत. नंबर हवा असेल तर व्हॅन दारातच उभी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेत कपिल लाजून खुर्चीत खाली सरकला. बाबा स्टेजवर उठून उभे राहिले. त्यांनी माइकची वाट बघितली नाही, पोस्टातल्या गर्दीला आवरणाऱ्या आपल्या त्या खणखणीत आवाजात हाक मारली, "अहो कपिलराव! तिकडे काहून बसले? इकडे या, माझ्याजवळ बसा!"

आणि कपिल गुडघ्यांवर ओल्या झालेल्या पँटने, रबरी बूट पचपच वाजवत, हसत हसत दोनशे माणसांमधून पुढे आला.