घंटा वाजली की ट्रे बाहेर

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका, कारण मला रडगाणं गायचं नाही. मी जिंकलेला टायमर आहे, आणि कसा जिंकलो ते सांगायची मला फार हौस आहे.

माझं अंग पत्र्याचं आहे. पोटात स्प्रिंग, तोंडावर पांढरी तबकडी आणि तिच्यावर मिनिटांचे काळे आकडे. तबकडीला पीळ दिला की मी टिकटिक करत शून्याकडे निघतो आणि तिथे पोचलो की घंटा वाजवतो. मला सेल लागत नाही, वीज लागत नाही. कारखान्यातून निघालो तो थेट एका बेकरीत आलो. मागच्या खोलीत भट्टी, पुढे काउंटर, आणि दोन्हीकडे धावपळ करणारे नवरा-बायको. त्यांनी मला भट्टीशेजारच्या फळीवर बसवलं आणि माझं राज्य सुरू झालं.

तिथे नियम एकच होता. घंटा वाजली की ट्रे बाहेर! गिऱ्हाईक ताटकळत असो, फोन वाजत असो, हातात पिठाचा गोळा असो, माझा आवाज झाला की सगळं सोडून भट्टीकडे पळायचं. मालक कौतुकाने सांगत, "बायकोचं एकवेळ ऐकणार नाही, पण याचं ऐकतो." त्यांची छोटी मुलगी उलट्या खोक्यावर चढून मला उगाचच पीळ द्यायची आणि घंटा झाली की टाळ्या वाजवायची. घरात तिला डिंकी म्हणत, कारण एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायचं नाव नाही.

मग नवा विजेचा ओव्हन आला. त्याला स्वतःचा टायमर होता. मला सुतळी, झिजलेला ब्रश आणि मोडका चमचा यांच्यासोबत खणात टाकलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. घशात पीठ बसलं होतं आणि पुसायला कुणी नव्हतं.

किती वर्षं गेली ते मी मोजली नाहीत. एका दुपारी खण उघडला आणि समोर डिंकी. चांगली मोठी झालेली. कॉलेज संपवून ती काउंटर सांभाळत होती, आणि मॅनेजमेंटच्या नावाजलेल्या संस्थेत जाण्यासाठी प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. मोबाइलवर वेळ बघायला जावं तर तासभर त्यातच बुडायची, म्हणून तिला माझी आठवण आली. तिने मला फुंकर मारली, ओल्या फडक्याने पुसलं आणि टेबलावर ठेवलं. मी मनात म्हटलं, चला, पुन्हा कामाला लागलो!

पण प्रकरण सोपं नव्हतं. तिने दोनदा परीक्षा दिली होती आणि दोन्ही वेळा गुण एकाच जागी अडकले होते. तिच्या बाबांना हे वेड पटतच नव्हतं.

"धंदा शिकायला कॉलेज कशाला? काउंटर आहे की!"

"बाबा, काउंटरवर पाव विकायला शिकले. बेकरी वाढवायला कुठे शिकू?"

"बरं. पण हे शेवटचं. या वेळी जमलं नाही तर विषय बंद, कायमचा काउंटर."

"चालेल," डिंकी म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

मित्रांनो, पोरगी हुशार होती, कष्टाळूही होती. नडत होता तो तिचा चिकटपणा. सराव परीक्षेत दर प्रश्नाला ती मला दोन-तीन मिनिटांचा पीळ द्यायची, पण एखादं अवघड गणित आलं की त्याच्या मागे हात धुऊन लागायची. मी घंटा वाजवली तर माझ्यावर उशी टाकायची! ज्या घरात माझ्या आवाजावर सगळे पळत, त्या घरात माझ्यावर उशी? मी आतल्या आत धुमसायचो. वेळ संपायची तेव्हा शेवटचे सोपे सोपे प्रश्न तसेच राहिलेले असायचे.

"किती वेळ त्या एकाच गणिताशी झोंबतेस गं?" आई विचारायची.

"आई, सोडलं तर हरल्यासारखं वाटतं. आत्ता सुटेल बघ."

आणि गुण बघितले की लॅपटॉप धाडकन मिटायची आणि दुसऱ्या दिवशी नवी परीक्षा सोडवायला बसायची. कालची का बिघडली हे बघायचंच नाही. एक घाणा करपला म्हणून लगेच दुसरा तसाच आत सरकवणारा बेकरीवाला किती दिवस टिकेल?

मग एके सकाळी नव्या ओव्हनचा टायमर बंद पडला. आई-बाबा मोठी ऑर्डर पोचवायला गेले होते. डिंकीने मेकॅनिककाकांना बोलावलं आणि तोवर काम थांबू नये म्हणून मला उचलून माझ्या जुन्या फळीवर ठेवलं. काय सांगू! अंगात दहा स्प्रिंगांचं बळ आलं. मी खणखणीत घंटा दिली. डिंकीने क्षणाचाही विचार न करता दार उघडून ट्रे बाहेर ओढला.

काका वाकून बघायला लागले. "ताई, कच्चे वाटतायत हो. अजून थोडे ठेवा की."

"नाही काका. बाहेर काढल्यावरही पाव आतून शिजत राहतो. आत ठेवला तर करपेल."

एवढं बोलली आणि ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

"काय झालं? हात भाजला का?"

"हात नाही काका," ती हसायला लागली. "इतके दिवस डोकं करपत होतं."

त्या दुपारी ती मला घेऊन बसली. अवघड गणित आलं, ती भिडली, मी वाजलो. तिची बोटं उशीकडे गेली. मग तिने ओठ घट्ट मिटले, गणितावर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. सगळे सोपे प्रश्न उरकून ती खुणेच्या गणिताकडे परतली, तर वाट आपोआप दिसली. गणित डोक्यात शिजत राहिलं होतं! सगळीच सुटली असं नाही. काही दुसऱ्यांदाही हटून बसली. त्यांना तिने कायमचा रामराम ठोकला, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापले जात.

मग तिने केकची रिकामी खोकी आणली. चुकलेले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवून त्यांत टाकू लागली. येत असून घाईत चुकलेले एका खोक्यात, मुळात न येणारे दुसऱ्यात, आणि नादी लागून वेळ घालवलेले तिसऱ्यात. सुरुवातीला तिसरं खोकं नुसतं ओसंडत होतं. गिऱ्हाईक नसलं की ती डोळे मिटून एखादी चिठ्ठी उचलायची आणि तो प्रश्न नव्याने सोडवायची. एकदा बाबांनीही एक उचलली.

"दोन नळ टाकी भरतात आणि तिसरा रिकामी करतो? आधी तो तिसरा बंद करा की!"

डिंकी पोट धरून हसली. त्या दिवसापासून बाबा रोज हळूच खोक्यात डोकावू लागले. दुकान उघडण्याआधी ती कंटाळवाण्यातले कंटाळवाणे लेख वाचायची, कारण परीक्षेतले उतारे तसेच असत. गुण वर सरकू लागले. मधे एकदा दाणकन खालीही आले आणि त्या दिवशी माझ्यावर पुन्हा उशी पडली. पण संध्याकाळी तिने स्वतःच ती काढली आणि मला "सॉरी" म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ती मला पिशवीत घालून निघाली. सोबत बाबा होते. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "हे आत चालणार नाही." डिंकीने मला बाबांच्या हातात दिलं आणि ती आत गेली.

बाबा समोरच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला पीळ दिला. मी वाजलो तशी रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. बाबा बंद फाटकाकडे बघत पुटपुटले, "सोड गं बाई, पुढे जा." पुन्हा पीळ, पुन्हा घंटा, पुन्हा "सोड, पुढे जा." परीक्षा संपेपर्यंत आम्हा दोघांचं हेच चाललं होतं. आयुष्यात इतका जीव तोडून मी कधी वाजलो नव्हतो.

डिंकी बाहेर आली. "बाबा, पहिलंच गणित आलं नाही."

बाबांचा चेहरा उतरला. "मग?"

"मग सोडलं! आणि शेवटी परत आले तर सुटलं!"

निकाल लागला तेव्हा ती काउंटरवर होती. तिने अशी किंकाळी फोडली की समोरच्या आजोबांच्या हातातून पिशवी पडली. गुण नुसते वाढले नव्हते, तिने मनाशी धरलेल्या आकड्याच्याही पुढे गेले होते. बाबांनी गरमागरम ट्रे उचलला आणि गल्लीत दिसेल त्याच्या हातात पाव कोंबत सुटले.

"अहो, विकायचे होते ते!" आई ओरडत होती, पण दुसरा ट्रे तिच्याच हातात होता.

पुढे मुलाखतही पार पडली आणि डिंकीला हवी तीच संस्था मिळाली. निघायच्या दिवशी मात्र कुणाचाच पाय दारातून हलेना. डिंकी उगाच बॅग उघडून पुन्हा लावत होती. आई म्हणाली, "उद्या गेलीस तर नाही का चालणार?"

बाबांनी मला फळीवरून उचललं आणि छोटासा पीळ दिला. मी वाजलो.

"घंटा झाली," ते म्हणाले. "ट्रे बाहेर."

"अजून कच्ची आहे हो ती," आईने पदर डोळ्यांना लावला.

"असू दे. बाहेर काढल्यावरही पाव शिजत राहतो." आणि त्यांनी मला लेकीच्या हातात ठेवलं.

आता मी तिच्या वसतिगृहातल्या टेबलावर असतो. मित्रांनो, तुमच्याही घरच्या एखाद्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, बेताने पीळ द्या. फार ताणलं तर स्प्रिंग तुटते. आणि तो वाजला की हातातलं अवघड काम खुशाल बाजूला ठेवा. ते कुठे पळून जात नाही. फक्त आमच्यावर उशी टाकू नका.