चिमट्यातला कागद

पांढरा… जवळजवळ कोराच. डबीच्या झाकणाएवढा तो गोल कागद तिने चिमट्याने हवा तपासायच्या यंत्रातून काढला आणि उजेडात धरला. दिवसभर शहराची हवा ओढून रोज कोळशासारखा काळा होणारा कागद हा! साथ आली, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि पहिल्यांदा तो असा निघाला तेव्हा पंपच बिघडला असं समजून तिने अख्खा पंप खोलला होता, वेडीसारखा. पंप ठणठणीत होता.

आणि घरी पोरगी… झोपायला लागली होती. उशीला टेकून बसून नव्हे, चांगली आडवी, हातपाय पसरून — आणि आपण मात्र सवयीने जाग्याच, कान तिच्या छातीकडे, की मेली ती दम्याची शिट्टी गेली कुठे! बाहेर माणसं मरताहेत, नवरा टॅक्सी उभी करून भिंतीकडे बघत बसलाय, आणि आपल्या मनात काय, तर असंच राहू दे… अजून थोडे दिवस. हे कुणाला सांगायची सोय आहे का? आज गाड्यांवरची बंदी उठली होती. उद्याचा कागद तिला बघायचाच नव्हता.

ती परतली तेव्हा घरासमोरच्या उतारावर नवरा टॅक्सी पुसत होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याने किल्ली फिरवली. खर्र… खर्र… आणि गप्प.

"बॅटरी बसली." त्याचं तोंड एवढंसं झालं.

बरं झालं! — तिच्या आत कुणीतरी टुणकन उडी मारली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, बघतेस काय? धक्का दे ना जरा."

तिने हात टेकवले. नुसतेच टेकवले.

"जोर लाव की! जेवली नाहीस का?" तो हसला. किती दिवसांनी हसला हा… आणि मग तिने खरोखर जीव खाऊन ढकललं. टॅक्सी हलली, घरंगळली, धडधडली. काळा धूर थेट तिच्या तोंडावर.

वरच्या खिडकीत पोरगी टाळ्या पिटत होती. "आई, झाली सुरू!"

"खिडकी लाव!" ती ओरडली. "लाव आधी!"

"तिच्यावर कशाला ओरडतेस?" नवरा म्हणाला.

कुणावर ओरडलो आपण… वर काच बंद झाली. काचेमागे पोरीचं तोंड उघडं होतं — हसत होती, की दम लागला होता? खालून कळत नव्हतं. इंजिनाच्या धडधडीत तिचे कान पुन्हा ती शिट्टी शोधू लागले.