बंद खोलीतला खोकला

खर्जबुवांचा धंदा पुस्तकं वाचण्याचा. आपण वाचतो तसं लोळत नव्हे. माइकसमोर ताठ बसून, मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग लोक ते कानात घालून भांडी घासतात, गाडी चालवतात, आणि काही पुण्यवान तर दुसऱ्या प्रकरणाच्या आत झोपी जातात. आवाज इतका भारदस्त की नातेवाइकांनीच त्यांना हे नाव चिकटवलं होतं.

या धंद्याला लागते शांतता, आणि घरासमोर होतं पत्रे कापणाऱ्याचं दुकान. म्हणून मागची छोटी खोली बुवांनी स्वतःच्या हातांनी बंद केली. खिडकीच्या फटी लांबीने, म्हणजे सुताराच्या पुट्टीने, बुजवल्या, वरून चिकटपट्टी मारली, भिंतींना जाड फोम लावला, फोमवर जुन्या रजया ठोकल्या. दाराला आतून गादी. "आता डासालासुद्धा माझी परवानगी लागते," असं ते आल्यागेल्याला सांगत.

खोकला सुरू झाला तो यंदाच्या पावसाळ्यात, एका जाडजूड कादंबरीच्या तिसाव्या प्रकरणात. प्रकरणं एकूण बेचाळीस. आधी घसा खवखवला, मग डोळे चुरचुरायला लागले, मग शिंका, आणि शेवटी श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजू लागली. खोकल्याला वेळेचं भान मुळीच नव्हतं. नायक नायिकेचा हात हातात घेऊन म्हणे, "तुझ्याशिवाय मला," आणि पुढचं सगळं खोकल्यात जाई. एका पानाला अर्धा तास लागू लागला.

तेवढ्यात कंपनीच्या बाईंचा फोन आला. "आवाज बसलेला वाटतोय. महिनाअखेरपर्यंत उरलेलं आलं नाही तर सगळं पुस्तक दुसऱ्याकडून पहिल्यापासून वाचून घ्यावं लागेल. अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, असं नाही चालत."

बुवा घाबरले. वय चोपन्न, आणि आयुष्यभर केलं काय तर वाचलं. आवाज गेला तर उद्यापासून आपण कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. बायकोला यातलं एक अक्षर बोलले नाहीत, पण तिला कळायचं ते कळलं.

मग इलाज सुरू झाले. मिठाच्या गुळण्या झाल्या, मध झाला, आणि मुख्य म्हणजे वाफ. सकाळ, दुपार, संध्याकाळ, डोक्यावर टॉवेल घेऊन, किटली उकळती ठेवून. तीही त्याच खोलीत, दार घट्ट लावून. बाहेरची हवा लागली तर घसा बसेल ना. जेवढा खोकला वाढे, तेवढी वाफ वाढे. जेवढी वाफ वाढे, तेवढा खोकला. शहाण्या माणसाला एवढ्यात शंका आली असती, पण बुवांनी किटलीच मोठी आणली.

शेवटी बायकोने त्यांना हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "कुठे गेल्यावर बरं वाटतं का?"

"कुठेच नाही," बुवा म्हणाले.

"अहो, खोकला सुरू झाल्यावर माझ्या भावाकडे चार दिवस होतो, तेव्हा एकदा तरी खोकलात का?" बायको म्हणाली. "नुसते घोरत होता."

"तेव्हा आवाजाला विश्रांती होती."

"कसली विश्रांती? माझ्या वहिनीला दोन-दोन तास राजकारण समजावत होता."

डॉक्टरीणबाईंनी कामाच्या खोलीची चौकशी केली. बुवांनी लांबीपासून वाफेच्या किटलीपर्यंत सगळं रंगवून सांगितलं.

"हवा कुठून येते?"

"येतच नाही," बुवा अभिमानाने म्हणाले.

"आणि तीन वेळची वाफ कुठून जाते?"

बायकोने तिथूनच भावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बायकोचा भाऊ आला. हा गवंडी, आणि बोलायला तिखट. त्याने स्वतः मास्क लावला, बुवांना आणि बहिणीला पुढच्या खोलीत पाठवलं, आणि फोम सोलायला घेतला. थोड्या वेळाने त्याने फोनवर काढलेला फोटो आणून दाखवला. अख्खी भिंत काळ्याहिरव्या बुरशीने भरली होती, कोपऱ्यात तर तिला लव आली होती.

"भावोजी, शेती झकास केलीत," तो म्हणाला. "पाणी वेळेवर, ऊन नाही, वारा नाही. पीक न यायला काय झालं?"

"रंग मारून घेऊ," बुवा पुटपुटले.

"रंग मारला तर रंगातून वर येईल. ओल गेली पाहिजे. खिडकी उघडी राहील, रजया कचऱ्यात जातील."

डॉक्टरीणबाईंनी श्वासावाटे घ्यायचं औषध दिलंच होतं. फोनवर त्यांनी निक्षून सांगितलं की बुरशीचे बारीक कण छातीत जात असतील तर नुसत्या औषधाने भागणार नाही, त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. छाती वाचली, पण वाचायला जागा गेली. बुवा आठ दिवस गप्प बसले. नवव्या दिवशी छातीतली शिट्टी थांबली. महिना संपायला पाच दिवस होते आणि बारा प्रकरणं शिल्लक.

ते सरळ स्वयंपाकघराला लागून असलेल्या झोपायच्या खोलीत बसले. पत्रेवाला जेवायला जाई ती दुपारची वेळ धरली, शिवाय पहाट धरली. दाराला गादी नव्हती, खिडकी उघडी होती. आवाज पहिल्यासारखा भरून येत होता. पाचव्या दिवशी नायिका गेली, पुस्तक संपलं, बुवांनी सगळं पाठवून दिलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीच्या बाईंचा फोन आला. "आवाज सुरेख. पण शेवटच्या प्रकरणात मागे कोणीतरी सारखं नाक ओढतंय. तेवढं प्रकरण पुन्हा द्याल?"

म्हणजे त्या खोलीने बायकोलाही धरलं, असं बुवांना वाटलं. ते धावतच स्वयंपाकघरात गेले. "चल, डॉक्टरकडे जाऊ. तुलाही सर्दी झालीय."

"मला काहीएक झालेलं नाही," बायको त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"मग नाक कोण ओढत होतं?"

तिने हातातली सुरी खाली ठेवली. "बावीस वर्षं आत काय वाचता, मला कधी ऐकू आलं होतं का? गादी होती दाराला. आता ऐकलं. ती बिचारी जाते शेवटी, आणि तुम्ही असं वाचता की..." तिने पदर डोळ्यांना लावला.

बुवा घसा साफ करून म्हणाले, "ते प्रकरण पुन्हा वाचायला सांगितलंय. तू जरा लांब बसशील?"

"नाही बसणार," ती म्हणाली. "पुन्हा मरणारच आहे ना ती? तोंडात पदर कोंबून बसते, पण जवळच बसते."