इस्तारीच्या गाठी

कात्री उघडलेली होती. निशा ओसरीवर मला मांडीवर घेऊन बसली होती. तिची आई रुखमा दारातून त्या कात्रीकडे पाहत होती.

मित्रांनो, मी एक जुने फेकजाळे आहे. नागभीडजवळच्या तळ्याकाठी निशाच्या वडिलांनी, इस्तारीने, मला गाठ-गाठ करून विणले. बारा वर्षे मी मरळ आणि झिंगे वर आणले. इतकी घट्ट गाठ गावात दुसऱ्या कोणाची नाही, असे लोक म्हणत. मग एका सकाळी इस्तारी बुडाला, आणि मी त्याच्या पायाला गुंडाळलेले सापडले. मी त्याला ओढले, की धरून ठेवू पाहत होते, हे मलाही नीट आठवत नाही. रुखमाने मात्र मनाशी दोष मलाच दिला. दोन वर्षे मी आढ्याला टांगलेले राहिले. उंदरांनी कुरतडले, तरी तिने मला हात लावला नाही.

निशा नागपूरला वेशभूषा शिकते. बापाच्या मरणातून आपले मन कसे सावरले, ते तिने सहा पोशाखांत मांडले आहे: पहिला तळ्याच्या गाळासारखा काळा, पुढचे हळूहळू उजळत जाणारे. दोन दिवसांनी ते मंचावर जायचे होते, आणि सहाव्याच्या खांद्यावर तिला मी हवे होते. मला तिचा संशय आला. टाळ्यांसाठी ही पोरगी माझी भोके आणखी मोठी करणार, दुसरे काय?

रुखमालाही तेच वाटले असावे.

“बापाचं मरण लोकाईले दाखवून राह्यली का वं?”

“नाई माय. सडला धागा कापल्याबिगर नवी गाठ धरत नाई. बाबानंच शिकवलं मले.”

तिने खरोखरच कुजलेले तेवढे कापले, आणि इस्तारीच्या गाठीशेजारी आपली गाठ मारली. ती तिरपी पडली. रुखमाने वाकून ती नखाने चाचपली.

“यातून तं म्हैस निंगून जाईन.”

मित्रांनो, फाटलेली वस्तू भीतीपोटी टांगून ठेवू नका. तिला खाली उतरवा आणि सडले असेल तेवढेच कापा. उरलेले कोणाच्या तरी हातचे असते.

“माय,” निशाने हळूच विचारले, “तो सहावा तू घालशीन?”

रुखमाने मला उचलले आणि इस्तारी टाकायचा तसे डाव्या खांद्यावर टाकले. मला पुन्हा फेकायला नेते आहे की कायमचे बुडवायला, कळेना. निशाची तिरपी गाठ मुठीत धरून ती तळ्याच्या वाटेला लागली.